झेंडूचं केशर

बातुमीच्या बाजारात मासळीची रांग संपते तिथं
नाझिब्रोलाचा ठेला. तोंडं दुमडलेली बारा पोती
आणि मधोमध पिवळा ढीग.
झेंडू. इथं तो दाराला बांधत नाहीत,
पाकळ्या वाळवून कुटतात,
अक्रोडाच्या रश्शात घालतात आणि केशर म्हणतात.

तिच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक चमचा आहे.
"यकृताला हे. गुडघ्याला ते, मधातून.
नवरा घोरतो? निळी मेथी.
उशीखाली नाही गं, पोटात!"
पी हळद नि हो गोरी, अशी घाई असलेल्यांनाही
ती नाही म्हणत नाही, पुडी बांधते.
आणि कुणी भेसळीचं नाव काढलंच तर
बोट ओलं करते, ढिगात बुडवते, चाटते.
"बघ. मेले का?"
एकोणीस वर्षं. दिवसातून दहा-बारा वेळा.

मंगळवारी दोघं आले. एतेरी नावाची मुलगी,
हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी.
तिनं ते ढिगावर रोखलं.
नाझिब्रोलानं सवयीनं बोट ओलं केलं.
"मावशी, नको."
यंत्राला जीभ नसते, त्यानं आकडा दाखवला.
एतेरीनं तो वहीत टिपला, शिसपेन्सिलीनं.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
झेंडूत होतं.

रस्त्यावरच्या पट्ट्यांना फासतात ना, तो पिवळा,
एतेरी सांगत होती, ना वास ना चव,
हाडांत शिरतो आणि घर सोडत नाही,
आणि लहान मुलांत तर इतका हळू
की आई म्हणत राहते, याचं अभ्यासात लक्षच नाही.
नाझिब्रोला ऐकत नव्हती. मोजत होती.
गुरांदाची जुळी.
औषधवाल्याची सून, सातवा महिना.
तिला मापापेक्षा चिमूटभर जास्त घातलं होतं,
मायेनं.

दोष ओतारचा, तो घाऊक आणतो.
ओतार म्हणतो, मी पोतं उघडतसुद्धा नाही.
पोतं ज्यानं भरलं त्याचा फोन लागत नाही.

रात्री भांडी विसळताना तिला आठवलं:
कधीतरी ओतारनं पुढ्यात दोन नमुने ठेवले होते,
एक मातकट, एक लख्ख.
भाव एकच.
लख्खावर बोट तिनं ठेवलं होतं,
हेच बोट.
मातकटापुढं गिऱ्हाईक थांबत नव्हतं,
विचारायचं काय होतं त्यात?
तिनं नळ बंद केला. मग परत सोडला.

दवाखान्यात दंड पुढं करून ती नर्सला म्हणाली,
"लालच निघतंय की."
नर्स हसली नाही. अहवाल शुक्रवारी.

तोवर लोक बरण्या परत आणू लागले.
कुणी अर्धी, कुणी तळाशी उरलेली,
कुणी न बोलता. गुरांदा तर
झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघून गेली.
ठेल्याखाली पिवळं साचत चाललंय
आणि ते टाकायचं कुठं, हे एतेरीच्या वहीत नाही.
मातीत? तिथं कोबी आहे.
समुद्रात?
मासळीवाला म्हणाला, माझ्याकडे बघू नकोस.

मधल्या पोत्यात आता तिच्या परसातला झेंडू,
हातानं खुडलेला, वाळून तपकिरीकडे झुकलेला.
आज एकच बाई थांबली.
"एवढा फिका?"
"असाच असतो."
"कशावर चालतो?"
नाझिब्रोलाचं बोट ओठांपर्यंत गेलं होतं,
तिनं ते एप्रनला पुसलं.
"अक्रोडाच्या रश्श्यात बरा लागतो."
"आणि?"
बाई अजून उभी होती, पाकीट उघडं,
काहीतरी बरं व्हायची वाट बघत.